लग्नाचा चौक आणि लग्नगडी

पुण्यात वारली चित्र पाहायला आता लांब जावे लागत नाही. सोसायट्यांच्या कुंपणभिंती, शाळांचे व्हरांडे, हॉटेलांचे दर्शनी भाग, चहाचे कप, कुर्ते, दिवाळीच्या पणत्या, सगळीकडे ती पांढरी माणसे फेर धरून नाचत असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड झाले, वर एक गोल काढला की डोके झाले. सहावीतला मुलगाही चित्रकलेच्या तासाला ते काढतो. २०१० च्या दिवाळीत एका शीतपेयाच्या कंपनीने जाहिरातीसाठी हीच माणसे घेतली होती. या प्रसाराबद्दल तक्रार करायला हा लेख लिहिलेला नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या चित्रांत जे गाव दिसते ते नेमके कोणत्या काळातले गाव, हे मला शोधायचे होते. ‘परंपरागत’, ‘आदिम’, ‘निसर्गाशी एकरूप’ ही विशेषणे चित्रांखाली इतकी वर्षे छापली गेली आहेत, की गावाला काही इतिहास असेल हे कुणाच्या मनातच येत नाही.

वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले ते प्रामुख्याने एका माणसाच्या हातून, जिव्या सोमा म्हसे यांच्या. जन्म १९३४, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा कळंबीपाडा हे गाव. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या सुमारे शंभर कलावंतांचे एक गाजलेले प्रदर्शन भरले, त्यात त्यांचे काम होते. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांची चित्रे मांडली गेली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. लहानपणी आई वारल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागला, अशी हकिकत त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखनात येते.

त्यांची चित्रे ज्यांनी कप-कुर्त्यांवरच पाहिली आहेत त्यांना मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर पहिला धक्का बसतो तो बारकाव्याचा. मासेमारीचे चित्र घ्या. जवळजवळ सगळे कापड एका जाळ्याने व्यापलेले असते. जाळ्याची वीण इतकी बारीक, की लांबून ती पाण्यावरची तिरीप वाटावी. जवळ गेल्यावर एकेक टाका दिसतो, टाक्याटाक्यात अडकलेली मासळी दिसते, आणि कडेला, बोटात मावतील एवढी, जाळे ओढणारी माणसे. भाताच्या लावणीची चित्रे आहेत, मळणीची आहेत, वारुळाची आहेत. तारप्याचा नाच तर सर्वांना ठाऊकच आहे. मधोमध तारपेवाला आणि त्याच्याभोवती वळत जाणारी माणसांची साखळी. तारप्याकडे पाठ करायची नाही हा नाचाचा नियम, म्हणून ती साखळी तशी वळते.

या गावात झाडे, मुंग्या, कोंबड्या, बैल, आगगाडीसुद्धा आहे. पश्चिम रेल्वे डहाणूवरूनच जाते, त्यामुळे तिचे नवल नाही. नाही तो मालक. माझ्या पाहण्यात आलेल्या त्यांच्या एकाही चित्रात जमीनदार नाही, सावकार नाही, त्याचा दिवाणजी नाही, गवताचा व्यापारी नाही, जंगलखात्याचा शिपाई नाही. सगळी माणसे एकाच उंचीची आहेत. आणि जिव्या म्हसे अकरा वर्षांचे असताना, त्यांच्याच तालुक्यात, वारल्यांनी याच मालकांविरुद्ध उठाव केला होता. तो प्रसंग महाराष्ट्राच्या विसाव्या शतकातल्या मोठ्या प्रसंगांपैकी एक आहे. मग तो या चित्रांत का नाही?

उत्तराकडे जायचे तर आधी चौकाकडे जावे लागते.

चौक म्हणजे लग्नाच्या वेळी वारल्याच्या घरात भिंतीवर काढले जाणारे चित्र. काढणे हा आपला शब्द. तिकडे चौक लिहितात. भिंत कारवीच्या कुडाची, माती-शेणाने लिंपलेली, वर गेरूचा हात दिलेला. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून किंवा चावून केलेल्या कुंचलीने लिहायचे. रंग एकच, पांढरा. लिहिणाऱ्या सवाशिणी. मधोमध चौकोन, त्याला नक्षीच्या पट्ट्यांच्या एकात एक चौकटी, आणि आत पालघट देवी. ही सुफलतेची देवी. शेजारी लहान चौकोनात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. सूर्य, चंद्र, फणी, शिडी या खुणा हव्यातच. चौकटीच्या बाहेर मात्र मोकळी जागा असते, आणि तिथे झाडे, माणसे, जनावरे, नाच येतात. हा चौक लिहून झाल्याखेरीज लग्न लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून देवांना बोलावणारी स्त्री. (पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायचे वर्ग निघाले तेव्हा केवढी भवति न भवति झाली होती. डहाणूत हा प्रश्न पडलेलाच नव्हता.)

चौकाची ही माहिती आज अनेक पुस्तकांत मिळते. यशोधरा दालमिया यांचे १९८८ सालचे इंग्रजी पुस्तक त्यांत मला सगळ्यांत उपयोगी वाटले. पण चित्रांची पुस्तके जिथे थांबतात तिथे दुसरी एक पुस्तकांची रांग सुरू होते, आणि या दोन रांगा एकमेकींना क्वचितच ओळख देतात. माझ्या घरी त्या बरीच वर्षे दोन वेगळ्या कपाटांत होत्या. एकात कला, दुसऱ्यात शेतकरी चळवळ. दुसऱ्या कपाटातली पुस्तके ज्याला लग्नगडी म्हणतात, त्याचे लग्न पहिल्या कपाटातल्या चौकासमोरच लागलेले असते, हे ध्यानात आल्यावर मी ती एका फळीवर आणली.

लग्नगडी म्हणजे काय, ते आता सांगितले पाहिजे, कारण हा शब्द वापरातून गेला आहे आणि तो गेला हे बरेच झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डहाणू-उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांच्या जमिनी हळूहळू बाहेरून आलेल्या सावकार, व्यापारी, दारूविक्रेत्यांच्या हाती गेल्या. ज्या जमिनीवर वारली राबत होता तीच तो आता खंडाने कसू लागला. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की मालकाकडून खावटी घ्यायची आणि पीक आल्यावर दिढीने फेडायची. त्याशिवाय वेठ होतीच. मालक बोलावील तेव्हा नांगर घेऊन जायचे, मजुरी मागायची नाही. आणि लग्न ठरले की पैसे लागत. देज, नवरीचे लुगडे, जेवण, दारू. रक्कम आजच्या नव्हे, त्या काळाच्या मानानेही फार नसे. ती मालकाकडून उचलायची आणि फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. राबण्याचे मोल कर्जातून वजा होत नसे, किंवा नावापुरते होई. त्यामुळे कर्ज फिटत नसे. नवऱ्याबरोबर नवरीही मालकाच्या घरची गडी होई. अशा जोडप्याला पोटाला देऊन जन्मभर राबवून घेतले जाई, आणि पुढे मुलांवरही तेच येई.

हे फक्त चळवळीच्या लोकांनी लिहून ठेवलेले आहे असे नाही. डेव्हिड सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांची पाहणी केली आणि त्याचा अहवाल १९३९ साली छापून निघाला. वेठ, अपुरी मजुरी आणि लग्नाच्या कर्जातून येणारी गुलामी, सगळे त्यात आहे, तेही कारकुनी इंग्रजीत. के. जे. सावे या अधिकाऱ्याचे वारल्यांच्या चालीरीतींवरचे इंग्रजी पुस्तक १९४५ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. पुस्तक छापून बाहेर पडले त्याच वर्षी त्यातली माणसे उठली.

या उठावात पुण्याचा एक धागा आहे. गोदावरी परुळेकर पूर्वाश्रमीच्या गोदावरी गोखले, जन्म १९०७, पुण्याचा. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या. भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य. त्या चाकोरीत राहिल्या असत्या तर पुण्यात त्यांचे नाव एखाद्या सभागृहाला मिळाले असते. शामराव परुळेकरांबरोबर त्या किसान सभेच्या कामात शिरल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान परिषद भरली. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली, आणि मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा झाली. हजारो वारली चालत आले. यापुढे वेठ द्यायची नाही, मजुरीशिवाय काम करायचे नाही आणि लग्नगड्यांना सोडवायचे, असे तिथे ठरले. पुढच्या काही आठवड्यांत लाल झेंडा घेतलेले वारली मालकांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना बाहेर घेऊन आले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात (१९७०, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार) हे सगळे त्यांच्याच शब्दांत आहे. मराठी वाचकाने ते एकदा वाचलेले असते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच राहिलेले असते.

पावसाळा संपल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा लढा सुरू झाला. या भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांत जाई आणि त्यावर व्यापारी गबर होत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असे खोटे निरोप पसरवून लोकांना तिथे जमवले गेले होते. पाच जण मेले. त्यांतल्या जेठ्या गांगड यांचे नाव तिकडे आजही घेतले जाते. संप मोडला नाही.

त्या वर्षी जिव्या म्हसे अकरा वर्षांचे होते, हे मी वर म्हटलेच. हा मुलगा सभेला गेला होता किंवा त्याने काही पाहिले होते असे मला सुचवायचे नाही. मुद्दा साधा आहे. त्याच्या आधीच्या पिढीतल्या सवाशिणी ज्या लग्नांचे चौक लिहीत होत्या, त्यांतली किती तरी लग्ने माणसाला गडी करणारी होती. त्याच्या स्वतःच्या पिढीची लग्ने तशी राहिली नाहीत.

कायदा मागाहून आला. १९४८ चा मुंबई कूळ कायदा, त्यातली १९५६ ची दुरुस्ती आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. त्या दिवसापासून कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कागदावरचा हक्क आणि हातातली जमीन यांत अंतर राहिलेच, ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात तर फारच. तरी एक गोष्ट बदलली. खळ्यावर मालकाचा माणूस माप घेऊन उभा राहत असे, तो हळूहळू दिसेनासा झाला.

आता म्हसे यांची मळणीची चित्रे पाहा. खळे हा मोठा गोल. मध्ये खांब, खांबाला बांधलेले बैल एका रांगेत फिरत आहेत, त्यांच्या मागे काठी घेतलेला माणूस. भोवती भाऱ्यांच्या उडव्या, कुणी भारे वाहून आणत आहे, कुणी सुपाने पाखडत आहे, दाण्यांची रास म्हणजे नुसते ठिपके, शेकड्यांनी, एकेक सुटा. कडेला घर आहे. ती रास कुठे जाणार, याबद्दल चित्रात कसलाही संशय नाही. ती घरात जाणार. हे चित्र १९३५ साली कुणी काढले असते तर ते खोटे ठरले असते. तेव्हा रास खळ्यावरूनच मालकाच्या कोठारात जाई आणि वारल्याच्या घरी उरे ते फेडीच्या हिशेबातून उरलेले. १९७५ साली ते काढले गेले तेव्हा ते वर्तमानाचे चित्र होते, आणि तो वर्तमान जेमतेम अठरा-वीस वर्षांचा होता.

म्हणून ‘अनादी काळापासून चालत आलेले गाव’ हे वर्णन मला चुकीचे वाटते. या चित्रातले गाव नवे आहे. मालक नाही म्हणजे चित्रकार त्याला विसरला असे नव्हे. मालक नसणे ही त्या चित्रातली बातमी आहे. म्हसे यांनी असे कुठे म्हटल्याचा दाखला माझ्याकडे नाही, आणि हा अर्थ मी लावतो आहे हे वाचकाने लक्षात ठेवावे. पण रूढ अर्थ तरी कुणी म्हटला आहे? तोही आपणच, शहरात बसून लावलेला.

याला एक आक्षेप सरळ दिसतो, आणि तो मी टाळणार नाही. चौक तर त्याआधीही लिहिला जात होता, आणि त्यातही मालक नव्हता. मग त्या गावाचे काय? माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे. ज्या लग्नामुळे नवरा-नवरी दुसऱ्याच्या दारात बांधली जाणार, त्याच लग्नाच्या दिवशी, त्याच घरात, बायका भिंतीवर देवीभोवती एक असे गाव लिहीत, ज्यात कुणी कुणाचा गडी नाही. देवीच्या राज्यात सावकाराला जागा नव्हती. तेव्हा ते मागणे होते, आणि चौकटीच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत लिहिलेले होते. म्हसे यांनी हीच कडेची जागा उचलली आणि तिचे सबंध चित्र केले. देवी नसलेली, चौकट नसलेली, नुसत्या कामाची आणि माणसांची चित्रे. हे धाडस त्यांना करता आले, ते कागदामुळे असे कलेचे जाणकार सांगतात. ते खरेच आहे. पण मधल्या तीस वर्षांत कडेचे गाव भिंतीवरून जमिनीवर आले होते, हेही कारण मोजायला हवे.

कागदाची गोष्ट थोडक्यात सांगतो. भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार, हस्तकला मंडळाच्या कामावर होते. १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना बिहारमध्ये मिथिलेला पाठवले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांना कागद द्यावा, चार पैसे मिळतील, अशी ती योजना होती. मधुबनी चित्रे जगापुढे आली ती या खटपटीतून. १९७० नंतरच्या वर्षांत कुलकर्णी तोच विचार घेऊन डहाणूत आले, आणि कागद दिले ते इथेही बायकांनाच, कारण चौक बायकाच लिहीत. त्या बायकांत एक पुरुष बसून काढत होता. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. पुढचे सर्वांना माहीत आहे. त्यांचे मुलगे बाळू आणि सदाशिव चित्रकार झाले, पाड्यापाड्यांत तरुण मुले काढू लागली, वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले.

खेड्यातल्या शेतकऱ्याने चित्रकार होऊन आपलेच गाव रंगवणे, हे जगात इतरत्रही झाले आहे. तुलनेसाठी एक उदाहरण मला फार उपयोगी पडले. आजच्या क्रोएशियात, हंगेरीच्या सीमेजवळ ह्लेबिने नावाचे खेडे आहे. तिथला इव्हान गेनेरालिच (१९१४–१९९२) हा शेतकऱ्याचा मुलगा. झाग्रेबचा चित्रकार क्रस्टो हेगेदुशिच याने त्याला १९३० साली शोधला आणि पुढल्याच वर्षी डाव्या विचारांच्या ‘झेम्ल्या’ म्हणजे ‘भूमी’ या गटाबरोबर त्याची चित्रे शहरात मांडली. गेनेरालिचच्या सुरुवातीच्या चित्रांत झगडा उघड आहे. १९३४ चे एक चित्र सरकारी जप्तीचे, १९३६ चे दुसरे एका गावच्या बंडाचे. मग वर्षे गेली, काळ बदलला, आणि काचेवर रंगवलेली त्याची नंतरची चित्रे शांत झाली. बर्फ, गायी, निळे जंगल. पर्यटकांना आणि संग्राहकांना तीच हवी होती.

म्हसे यांचा रस्ता असा नाही. त्यांच्याकडे झगड्याचे चित्र सुरुवातीलाही नाही. गेनेरालिचला कुणी तरी शहरातून येऊन झगडा रंगवायला शिकवले होते. चित्र हे त्याच्या गावात आधी नव्हतेच. वारल्यांकडे चित्र आधीपासून होते आणि त्याचे काम ठरलेले होते. घरात देवी आणायची, लग्न पार पाडायचे, सुफलता मागायची. गोळीबार त्या भाषेत लिहिता येत नव्हता असे मी म्हणणार नाही. पुढच्या पिढीतल्या काही चित्रकारांनी त्याच त्रिकोणी माणसांत शहर, कारखाने, धरणे आणली आहेत. पण म्हसे यांच्या पिढीसाठी भिंत ही मागण्याची जागा होती, तक्रारीची नव्हती. तक्रार त्यांनी झरीच्या मैदानात केली होती.

मला याबाबतीत कलासमीक्षकांपेक्षा चळवळीतल्या लोकांचे जास्त नवल वाटते. गेल्या पन्नास वर्षांत डाव्या चळवळीची किती तरी पत्रके, भित्तिचित्रे, पुस्तकांची मुखपृष्ठे या चित्रशैलीत निघाली. तारप्याच्या फेऱ्यात मूठ वळलेला हात घातला की झाले. पण चित्र आधीच काय सांगते आहे, याकडे त्यांचेही लक्ष गेलेले फारसे दिसत नाही. दोन्ही कपाटांचे मालक एकमेकांच्या कपाटाला कुलूपच लावून बसले आहेत.

पुण्यात क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ सालची. तिथले संग्रहालय पुणेकर फारसे पाहत नाहीत. राजा केळकर संग्रहालयाला पाहुणे नेतात, इथे नेत नाहीत. वाद्ये, दागिने, मुखवटे, शेतीची आणि मासेमारीची साधने, सगळे नीट मांडलेले आहे. डॉ. गोविंद गारे यांच्यासारखा स्वतः आदिवासी समाजातून आलेला अभ्यासक या संस्थेचा संचालक होता. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो तारपा पाहायला. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आणि चित्रात तो जेवढा दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात पुष्कळच मोठा. नंतर जात राहिलो ते वेगळ्या कारणासाठी. कपाटात मळणीची साधने पाहताना, ती कुणाच्या खळ्यावर वापरली गेली, रास कुणी नेली, हे लेबलवर कधीच नसते. वस्तूचे नाव, जमातीचे नाव, जिल्हा. जगातल्या सगळ्याच संग्रहालयांत असेच असते, हे मान्य. पण म्हसे यांच्या चित्रापुढेही आपण तसेच लेबल मनात घेऊन उभे राहतो, आणि मग ‘वारली, मळणी’ एवढेच वाचतो.

जिव्या म्हसे गेले त्याच्या दोन महिने आधी, ६ मार्च २०१८ ला, किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि १२ तारखेला मुंबईत पोचला. लाल टोप्या आणि सोललेले तळपाय, ही छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील. मोर्चात आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि मुख्य मागण्यांत एक होती ती कसत असलेल्या वनजमिनी नावावर होण्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे वर्षानुवर्षे पडून होते. म्हणजे खळ्यावरची रास घरी येते, पण खळे ज्या जमिनीत आहे ती अजून पुष्कळांच्या नावावर नाही. म्हसे यांच्या चित्रांत जमीन कधी वेगळी दाखवलेली नसते. गेरूचा किंवा शेणाचा जो हात कापडाला दिलेला असतो, तीच जमीन.

लग्नाचा खर्चही संपलेला नाही. पालघर जिल्ह्यात आजही पुष्कळ आदिवासी जोडपी पैशाअभावी विधी न करताच संसार थाटतात आणि मुले झाल्यावर, कधी मुले लग्नाची झाल्यावर, सामुदायिक विवाहात अक्षता टाकून घेतात. आईबाप आणि मुलगा एकाच मांडवात बोहल्यावर, अशा बातम्या दर वर्षी येतात, आणि आपण त्या गमतीच्या बातम्या म्हणून वाचतो. कर्ज काढून लग्न करण्यापेक्षा थांबणे बरे, हे शहाणपण त्यांना कुठून आले असेल याचा विचार त्या बातमीत नसतो.

एका गोष्टीकडे मला अजून पुरेसे जाता आलेले नाही. कागद आला तो बायकांसाठी, आणि नाव झाले ते पुरुषांचे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, कुठे नोंदलेली नाहीत. भिंत पुन्हा सारवली की चौक मातीखाली जातो, त्यामुळे त्यांचे काम उरण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नगड्यांच्या काळातले चौक ज्यांनी लिहिले त्या बायका आता हयात नाहीत. पण ज्यांनी त्यांच्या शेजारी बसून, लहानपणी, तांदळाचे पीठ कालवून दिले, त्यांतल्या काही जणी नव्वदीच्या आसपास असतील. कुणाच्या लग्नाचा चौक कुणी लिहिला, त्या लग्नाला पैसे कुणी दिले होते, आणि ते फिटले का, असे तीनच प्रश्न त्यांना विचारायचे आहेत. भात झोडून झाले की तिकडे लग्ने सुरू होतात. या वर्षी त्या वेळेला गंजाड, तलासरी आणि झरी अशी फेरी आखली आहे.